जड धातू आणि भूसुधारके : नीरा-भीमेच्या पट्ट्यातील जमिनींचा विचार

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास असलेल्या इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेस नीरा आणि उत्तरेस भीमा वाहते; नीरा-नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. बारामती व इंदापूर हे तालुके मुळात कमी पावसाचे. नीरा डाव्या कालव्याने आणि पुढे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने या भागातील शेतीचे स्वरूप पालटले. जेथे ज्वारी-बाजरीचे पीकही पावसाच्या भरवशावर असे, तेथे ऊस, द्राक्षे, डाळिंब व भाजीपाला पिकू लागला. वरकुटे खुर्द आणि वरकुटे बुद्रुक यांसारख्या गावांची शेती या दोन नद्यांच्या दरम्यान आहे.

पाण्याने समृद्धी आणली, त्याचबरोबर जमिनीच्या आरोग्याचे प्रश्नही आणले. त्यांपैकी क्षारांचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. जड धातूंचा प्रश्न त्यामानाने नवा असून डोळ्यांना न दिसणारा आहे. हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे मानले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत आणि म्हणूनच त्यांवरील उपायांचा विचारही एकत्रितपणे करणे अगत्याचे आहे.

जड धातू कोणते व ते येतात कोठून

शेतीच्या संदर्भात कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे व जस्त यांचा जड धातूंत समावेश होतो. आर्सेनिक हे मूलद्रव्य काटेकोरपणे धातू नसले तरी त्याची गणना याच गटात केली जाते. यांपैकी जस्त व तांबे ही पिकांना अल्प प्रमाणात आवश्यक असलेली सूक्ष्म अन्नद्रव्ये होत. कॅडमियम, शिसे व पारा यांची मात्र पिकांना वा माणसाला कोणतीही गरज नाही. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत राहते. शिशाचा परिणाम प्रामुख्याने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो; मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे.

शेतजमिनीत हे धातू अनेक मार्गांनी येतात. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांतून बाहेर पडणारे पाणी, शहरी कचऱ्याचे खत, स्फुरदयुक्त खतांतील कॅडमियम, जुन्या बॅटऱ्यांची मोडतोड, तारांवरील प्लॅस्टिक जाळून तांबे काढण्याचे उद्योग ही त्यांची काही उगमस्थाने होत. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना व इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि तेथून उजनीच्या जलाशयात येते. पाण्यातील जड धातू बव्हंशी मातीच्या बारीक कणांना चिकटतात व गाळाबरोबर तळाशी बसतात. त्यामुळे पाणी वरून स्वच्छ दिसत असले तरी गाळाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. दख्खनच्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या असल्यामुळे त्यांत तांबे, निकेल व क्रोमियम यांचे प्रमाण निसर्गतःच अधिक असते. केवळ या धातूंचा एकूण आकडा मोठा आला म्हणून जमीन दूषित झाली, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पिकाला धोका असतो तो मुळांना शोषता येईल अशा स्थितीतील धातूचा.

आलेला धातू सहसा जात नाही

सेंद्रिय पदार्थ कुजतात, कीटकनाशकांचे कालांतराने विघटन होते. धातूचे तसे होत नाही. एक साधे गणित पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येईल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. या मातीत किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम असेल, तर हेक्टरी २ किलो कॅडमियम झाले. आता त्या शेतात ४ टन गहू पिकला आणि दाण्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम कॅडमियम आले असे धरले, तर वर्षाकाठी दाण्यावाटे बाहेर गेलेले कॅडमियम भरते अवघे ०.४ ग्रॅम. या गतीने जमीन मोकळी होण्यास ५,००० वर्षे लागतील. तात्पर्य, पीक घेत राहिल्याने जमीन आपोआप शुद्ध होईल, ही आशा व्यर्थ आहे. धातू जमिनीत येऊच न देणे हाच पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय.

भूसुधारक नेमके काय करते

जमिनीचे भौतिक वा रासायनिक गुणधर्म सुधारण्यासाठी तीत मिसळल्या जाणाऱ्या पदार्थास भूसुधारक म्हणतात. चुना, जिप्सम, गंधक, शेणखत, कंपोस्ट, प्रेसमड, बायोचार, तळ्यातील गाळ ही त्याची उदाहरणे होत. जड धातूंच्या संदर्भात भूसुधारकांबद्दल एक गैरसमज आढळतो. भूसुधारक टाकले म्हणजे धातू नाहीसा होतो, असे समजले जाते. वस्तुतः धातू जमिनीतच राहतो. भूसुधारकामुळे तो मातीच्या कणांना वा सेंद्रिय पदार्थांना घट्ट बांधला जातो अथवा न विरघळणाऱ्या संयुगात अडकतो आणि त्यामुळे पिकाच्या मुळांच्या हाती लागत नाही. हे बंधन जमिनीचा सामू, सेंद्रिय कर्ब आणि क्षारांचे प्रमाण यांवर अवलंबून असते. ही परिस्थिती बदलली की बांधलेला धातू पुन्हा मोकळा होऊ शकतो. म्हणून भूसुधारकाचा उपाय एकदा करून विसरण्याचा नाही. त्याची निगा कायम ठेवावी लागते.

जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे कामिओका येथील खाणीतून आलेले कॅडमियम नदीच्या पाण्याने भातखाचरांत उतरले. तो भात खाणाऱ्यांना, विशेषतः वयस्क स्त्रियांना, हाडे ठिसूळ होण्याचा अत्यंत वेदनादायक विकार जडला. कॅडमियममुळे हा रोग होतो हे तेथील शासनाने १९६८ मध्ये मान्य केले. १९७० मध्ये शेतजमिनींच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. अखेरीस सुमारे ८६० हेक्टर जमिनीतील माती बदलण्याचे वा नव्या मातीने झाकण्याचे काम हाती घ्यावे लागले व ते २०१२ पर्यंत चालले. धातू एकदा मर्यादेबाहेर साठला की भूसुधारकाची मात्रा पुरी पडत नाही, हा त्यातील धडा आहे.

चुना सर्वत्र लागू नाही

जड धातूंवर उपाय म्हणून जगभर पहिली शिफारस केली जाते ती चुन्याची. आम्ल जमिनीत चुना टाकला असता सामू वाढतो आणि कॅडमियम, शिसे, जस्त, निकेल यांची विद्राव्यता घटते. महाराष्ट्रात हा उपाय कोकणातील जांभ्या दगडाच्या आम्ल जमिनींना लागू पडतो. नीरा व भीमा खोऱ्यातील काळ्या जमिनींची स्थिती याच्या अगदी उलट आहे. त्यांचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ या दरम्यान असतो आणि त्यांत मुक्त चुनखडी भरपूर असते. अशा जमिनीत आणखी चुना टाकणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. शिवाय त्यामुळे जस्त व लोह यांची कमतरता वाढते. इतरत्रच्या शिफारशी जशाच्या तशा उचलून चालत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

चुनखडी आणि चिकणमाती ही येथील जमिनीला लाभलेली नैसर्गिक ढालच म्हणावी लागेल. या ढालीमुळे धातू सहजासहजी पिकात चढत नाहीत. परंतु या ढालीला एक छिद्र आहे, आणि ते म्हणजे क्षार.

क्षार आणि कॅडमियम यांचा संबंध

नीरा डावा कालवा सुरू झाल्यानंतर काही दशकांतच या खोऱ्यात पाणथळ व खारवट जमिनी दिसू लागल्या. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. भारी काळी जमीन, बारमाही पाणी आणि निचऱ्याचा अभाव या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की भूजलाची पातळी वर येते व बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागावर साठतात. ही प्रक्रिया आजही त्याच कारणांनी घडते.

खारवट जमिनीतील क्षारांत क्लोराइडचा वाटा मोठा असतो. क्लोराइड कॅडमियमशी संयोग पावून विद्राव्य संयुगे तयार करते. या संयुगांमुळे मातीच्या कणांना चिकटलेले कॅडमियम सुटून पाण्यात येते आणि मुळांपर्यंत पोहोचते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात बटाट्याच्या पिकावर झालेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या बटाट्यांत कॅडमियमचे प्रमाण अधिक आढळते आणि त्याचा संबंध जमिनीतील क्लोराइडशी आहे. तेथे जमिनीतील एकूण कॅडमियमपेक्षा क्लोराइडचा प्रभाव मोठा ठरला. नीरा-भीमेच्या पट्ट्यास हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. सामू चढा आहे म्हणून धातूंची चिंता नको, असे खारवट जमिनीच्या बाबतीत म्हणता येणार नाही. क्षार कमी करणे हाच येथे जड धातूंवरीलही उपाय ठरतो.

सुधारणेचा योग्य क्रम

पहिले काम निचऱ्याचे. शेताच्या उताराच्या बाजूस चर काढणे, जुने बुजलेले नाले मोकळे करणे आणि आवश्यक तेथे भूमिगत निचऱ्याच्या नळ्या बसविणे यांशिवाय कोणतेही भूसुधारक काम करू शकत नाही. क्षारांना जाण्यास वाटच नसेल तर वर टाकलेले जिप्सम हाही आणखी एक क्षारच ठरतो. निचऱ्याचे पाणी पिण्याच्या विहिरीच्या आसपास सोडले जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

दुसरे काम जमिनीचा प्रकार ओळखण्याचे. केवळ क्षारयुक्त जमिनीत संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असते. तिला चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे व निचरा एवढेच पुरेसे असते. चोपण जमिनीत विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक व सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. अशा जमिनीत पाणी मुरत नाही. तेथे जिप्सम उपयोगी पडते. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून जाते. जिप्समची मात्रा माती परीक्षणाने ठरवून घ्यावी व ते वरच्या थरात चांगले मिसळून पावसाळ्याच्या पाण्याचा लाभ घ्यावा.

तिसरे काम सेंद्रिय पदार्थ वाढविण्याचे. चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट, ताग व धैंचा यांचे हिरवळीचे खत यांमुळे धातू धरून ठेवणाऱ्या जागा वाढतात. येथे 'चांगले कुजलेले' या शब्दांना महत्त्व आहे. अर्धवट कुजलेल्या खतातून विरघळणारे सेंद्रिय अंश तांब्यासारख्या धातूंना मोकळे करू शकतात. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांमुळे या परिसरात प्रेसमड उपलब्ध होते. ते कंपोस्ट करून वापरणे इष्ट. उसाचे पाचट जाळण्याऐवजी शेतातच कुजविले तर सेंद्रिय कर्बात भर पडते. पाचटापासून बायोचार करूनही ते वापरता येते. मात्र बायोचार स्वतः अल्कधर्मी असल्याने चोपण जमिनीत त्याचा वापर आधी लहान तुकड्यावर करून पाहावा.

चौथे काम जस्ताची कमतरता भरून काढण्याचे. जस्त व कॅडमियम हे रासायनिक दृष्ट्या सख्खे भाऊ होत. जमिनीत जस्त कमी असेल तर पीक त्याच्या जागी कॅडमियम अधिक उचलते. परीक्षणात उपलब्ध जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट देण्याची पद्धत आहे. त्याने उत्पादन वाढते आणि कॅडमियमलाही अटकाव होतो. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरल्यास त्यातून क्लोराइड येते. खारवट जमिनीत भाजीपाला घेताना सल्फेट ऑफ पोटॅशचा विचार करावा.

प्रत्येक धातूचा स्वभाव निराळा

सर्व धातूंना एकच भूसुधारक चालत नाही. शिशाच्या बाबतीत स्फुरदयुक्त पदार्थ प्रभावी ठरतात, कारण शिसे व स्फुरद यांचे अत्यंत अविद्राव्य संयुग तयार होते. परंतु तेच स्फुरद आर्सेनिक असलेल्या जमिनीत टाकले तर आर्सेनिकला मातीच्या कणांवरून हुसकावून ते पिकासाठी मोकळे करते. आर्सेनिकला धरून ठेवण्यास लोहयुक्त पदार्थ उपयोगी पडतात. क्रोमियमचे षड्‌संयुजी रूप विषारी व चंचल असते. सेंद्रिय पदार्थांच्या सान्निध्यात त्याचे कमी धोक्याच्या त्रिसंयुजी रूपात परिवर्तन होते. यावरून कोणता धातू आहे हे जाणून घेतल्याविना औषध देणे हे रोगनिदान न करता गोळ्या देण्यासारखेच होय.

भूसुधारकातूनच धातू येऊ नये

ज्या पदार्थाने जमीन सुधारावयाची, त्याच पदार्थातून धातू येण्याचा संभव असतो. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खतात किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. या मर्यादेत बसणारे खतही दीर्घकाळात भर घालते. हेक्टरी १० टन कोरड्या वजनाचे खत दरसाल दिले आणि त्यात मर्यादेइतके कॅडमियम असले, तर वर्षाला ५० ग्रॅम व ४० वर्षांत २ किलो कॅडमियम जमिनीत जमा होईल. फॉस्फोरिक आम्लाच्या कारखान्यांतून मिळणाऱ्या फॉस्फोजिप्सममध्ये कॅडमियम व फ्लोराइड यांचे अंश असू शकतात. खरेदीपूर्वी त्याच्या पृथक्करणाचा दाखला मागावा.

सर्वांत अधिक विचार करावयाचा तो गाळाचा. हलक्या मुरमाड जमिनीवर गाळ पसरणे ही या भागातील जुनी व उपयुक्त प्रथा आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने तिला चालना मिळाली. पाझर तलाव व गावतळी यांतील गाळ शिवारातीलच माती असल्याने त्याची फारशी चिंता नसते. शहरांचे सांडपाणी येऊन मिळणाऱ्या जलाशयातील गाळाची गोष्ट वेगळी आहे. एका हेक्टरवर ५ सेंटिमीटर गाळ पसरला तर तो सुमारे ५०० घनमीटर, म्हणजे अदमासे ६०० टन भरतो. त्यात किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम असल्यास एका उन्हाळ्यात ६०० ग्रॅम कॅडमियम शेतात आले. मर्यादेइतके कॅडमियम असलेल्या वरील कंपोस्टातून तेवढे येण्यास १२ वर्षे लागली असती. गाळ एकदा पसरून नांगरला की परत काढता येत नाही. म्हणून अशा गाळाचे परीक्षण तो उचलण्यापूर्वीच होणे अत्यावश्यक आहे. एका नमुन्याचा खर्च शेकडो खेपांच्या वाहतूक खर्चापुढे नगण्य आहे.

परीक्षण कसे करावे

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन अशा १२ घटकांची नोंद असते. कॅडमियम व शिसे यांचा त्यांत समावेश नाही. त्यामुळे पत्रिकेवरून जड धातूंचा थेट उलगडा होत नाही. परंतु सामू, वाहकता, सेंद्रिय कर्ब व जस्त या चार नोंदी पाहून कोणती जमीन अधिक जोखमीची आहे याचा अंदाज बांधता येतो. वाहकता जास्त, कर्ब कमी व जस्त कमी अशी जमीन, शिवाय सांडपाण्याचा वा गाळाचा इतिहास, असे चित्र दिसल्यास जड धातूंचे स्वतंत्र परीक्षण करून घ्यावे.

नमुना घेताना शेतातील आठ-दहा ठिकाणची माती १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंत घेऊन एकत्र करावी व त्यातून अर्धा किलो निवडावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा गंजलेली अवजारे वापरू नयेत. प्लॅस्टिकचे घमेले व लाकडी फळी वापरावी. मातीबरोबरच पाण्याचा व पिकाच्या खाण्याच्या भागाचाही नमुना द्यावा, कारण अंतिम कसोटी ताटातील अन्नाचीच आहे. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार कॅडमियमची कमाल मर्यादा गहू व पालेभाज्या यांसाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तर पालेभाज्यांतील शिशासाठी ०.३ मिलिग्रॅम आहे.

पालक, मेथी, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या आणि कंदमुळे धातू अधिक घेतात. धान्याच्या दाण्यात व फळांत ते तुलनेने कमी उतरतात. संशयित जमिनीत सुधारणा पूर्ण होईपर्यंत पालेभाज्या टाळून फुलशेती, कापूस यांसारखी पिके घेणे शहाणपणाचे ठरेल. भाजी चांगली धुतल्याने पानावरील धूळ जाते, पानात शोषलेला धातू जात नाही, हे गृहिणींपर्यंत पोहोचविणेही आवश्यक आहे.

गावपातळीवरील कर्तव्ये

बारामती परिसर या कामाच्या दृष्टीने भाग्यवान आहे. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र, नीरेच्याच खोऱ्यातील पाडेगाव येथील १९३२ पासूनचे ऊस संशोधन केंद्र आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचे मार्गदर्शन या भागास सुलभ आहे.

ग्रामपंचायतीने गावातील गाळाच्या जागा, सांडपाण्याचे प्रवाह व खारवट पट्टे यांची नोंद असलेला साधा नकाशा तयार करावा. बाहेरून येणारा गाळ वा शहरी खत परीक्षणाचा दाखला पाहिल्याखेरीज शिवारात उतरू नये, असा ठराव ग्रामसभेत करता येईल. बॅटऱ्या फोडणे, तारा जाळणे यांसारखे उद्योग वस्तीच्या व शेताच्या आसपास होऊ न देणे हेही पंचायतीचे काम आहे. पाण्यात संशयास्पद बदल दिसल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे. कृषी अधिकाऱ्यांनी एकाच शेतात अर्ध्या भागात भूसुधारक व अर्धा भाग तसाच ठेवून, दोन्हीकडील पिकांचे परीक्षण करवून फरक शेतकऱ्यांना दाखवावा. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत ताग गाडून कंपोस्ट तयार करण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे आणि निकामी बॅटऱ्या व सेल वेगळे जमा करण्याची सवय मुलांना लावावी.

नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींचे दुखणे १९१० मध्ये लिहून ठेवलेले असूनही निचऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत अनेक शिवारांनी मोजली. क्षार निदान पांढऱ्या थराच्या रूपाने दिसतात. जड धातू अशी कोणतीही खूण देत नाहीत. त्यामुळे परीक्षण आधी, उगम बंद करणे त्यानंतर आणि भूसुधारक शेवटी, हा क्रम काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. पुढील उन्हाळ्यात गाळाच्या खेपा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने किमान एक नमुना प्रयोगशाळेत पाठविला, तरी या कामाचा योग्य प्रारंभ झाला असे म्हणता येईल.